साखर सांगणारे घड्याळ

सुई टोचून अम्मीची बोटे दुखतात, म्हणून धाकट्या भावाने ईदीच्या पैशांतून स्मार्टवॉच घ्यायचे ठरवले. जाहिरात होती, ‘न टोचता साखर मोजा.’ मी त्याला थांबवले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्येच बजावले आहे : स्वतःहून साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला त्यांची मान्यता नाही. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेतले तर जिवावर बेतते. पावले, नाडीचे ठोके पाहायचे असतील तर घड्याळ जरूर घ्या. साखरेसाठी मात्र ग्लुकोमीटरच हवा. भावाने त्या पैशांत पट्ट्या आणल्या. आता अम्मी रोज बोट बदलते, कडेला टोचते. दुखणे कमी झाले, अल्हम्दुलिल्लाह.