स्वस्त लॅपटॉप आणि त्याचे आयुष्य

३ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढून लॅपटॉप, टॅबलेट व तत्सम संगणकांची आयात परवान्याच्या कक्षेत आणली. व्यापारी वर्तुळात अशी खळबळ उडाली की दुसऱ्याच दिवशी तिची अंमलबजावणी ३१ ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकलणे सरकारला भाग पडले, आणि अखेरीस १ नोव्हेंबरपासून आयातीसाठी ऑनलाइन अनुमती घेण्याची सौम्य व्यवस्था आली. या गदारोळात देशी उत्पादन, चीनवरील अवलंबन, राष्ट्रीय सुरक्षा अशा भारदस्त विषयांचा ऊहापोह पुष्कळ झाला. मात्र पंचवीस-तीस हजार रुपयांत एक साधे, टिकाऊ यंत्र मिळावे एवढीच ज्याची अपेक्षा असते, त्या शिक्षकाची, लिपिकाची किंवा विद्यार्थ्याची आठवण त्या चर्चेत फारशी कोणाला झाली नाही.

या वर्गाच्या दृष्टीने लॅपटॉप आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शाळेची माहिती यूडायस प्लसवर भरावयाची, वेतनाची देयके शालार्थ प्रणालीतून पाठवावयाची, शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर करावयाचा, असा आजचा व्यवहार आहे. २०२५ पासून अकरावीचे प्रवेशही राज्यभर ऑनलाइन झाले. हे सारे मोबाइलवर भागते, असा युक्तिवाद केला जातो. तो करणाऱ्याने पाचशे मुलांच्या गुणांचा तक्ता एकवार मोबाइलच्या पडद्यावर भरून पाहावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ मधील फेरीत ग्रामीण भागातील अवघ्या ४.४ टक्के आणि शहरांतील २३.४ टक्के कुटुंबांकडे संगणक असल्याचे आढळले होते. त्यानंतर कोविडच्या काळात शाळाच घरात आली, आणि ज्यांना शक्य होते त्यांनी कर्ज काढून यंत्रे घेतली.

या खरेदीवर सरकार १८ टक्के वस्तू व सेवा कर घेते. आंतरराष्ट्रीय करारामुळे लॅपटॉपवर सीमाशुल्क नाही, हे खरे. पण तीस हजारांच्या यंत्रातील सुमारे साडेचार हजार रुपये या कराचे असतात. नोंदणीकृत व्यापाऱ्याने धंद्यासाठी तेच यंत्र घेतले तर त्याला या कराची वजावट मिळते. शासनाचेच काम घरी बसून स्वतःच्या यंत्रावर करणाऱ्या शिक्षकाला ती मिळत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून करांचे दर बदलले, तेव्हा वह्या, पेन्सिली, खोडरबर आणि नकाशे करमुक्त झाले. मोठ्या दूरचित्रवाणी संचांवरील करही २८ टक्क्यांवरून १८ वर आला. लॅपटॉप होता तेथेच राहिला. आजच्या विद्यार्थ्याची वही कोणती, याबद्दल अर्थखात्याची कल्पना थोडी जुनी दिसते.

तथापि कर कमी झाला म्हणजे प्रश्न सुटला, असेही नव्हे. आपल्याकडे ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ आजवर केवळ खरेदीच्या दिवशीच्या किमतीवरून लावला गेला आहे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी ‘आकाश’ हा टॅबलेट मोठ्या गाजावाजाने देशापुढे ठेवला. सव्वादोन हजारांच्या आसपासची त्याची किंमत हाच त्याचा मुख्य गुण होता. संथ गती आणि तोकडी बॅटरी यांच्या तक्रारी लगोलग सुरू झाल्या आणि काही वर्षांत ती योजना विस्मृतीत गेली.

बाजाराने त्यातून वेगळा धडा घेतला, असे म्हणवत नाही. अगदी खालच्या किमतीच्या अनेक लॅपटॉपमध्ये आजही ४ जीबी रॅम आणि ६४ जीबीची साठवण असते, आणि दोन्ही मुख्य पट्टिकेवर कायमची जोडलेली असतात. पुढे रॅम वाढवावी म्हटले तर जागाच नसते. विंडोज ११ ला किमान लागणारी रॅम व साठवणही नेमकी एवढीच. म्हणजे यंत्र पहिल्याच दिवशी आपल्या मर्यादेवर उभे असते. वीस हजारांचे असे यंत्र तीन वर्षे चालले तर वर्षाला साडेसहा हजारांहून अधिक खर्च पडतो. बत्तीस हजारांचे यंत्र सात वर्षे चालले तर तो साडेचार हजारांच्या थोडा वर राहतो. म्हणून टंकलेखन, हिशेबाचे तक्ते आणि सरकारी पोर्टले एवढ्यापुरतेच काम असले, तरी ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी यांखाली उतरू नये. प्रोसेसरच्या नावापेक्षा रॅमसाठी मोकळी खाच आहे काय, बॅटरी बदलता येते काय आणि दुरुस्तीचे केंद्र जिल्ह्याच्या गावी तरी आहे काय, हे आधी विचारावे.

दुसरा मार्ग वापरलेल्या यंत्रांचा. कंपन्यांनी तीन-चार वर्षे वापरून काढलेले लॅपटॉप मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि अन्यत्रही नव्याच्या मानाने बऱ्याच कमी किमतीस मिळतात. कचेरीसाठी बनविलेली ही यंत्रे बहुधा दणकट असतात आणि पुष्कळदा उघडून दुरुस्तही करता येतात. पण येथे सावध राहावे लागते. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. म्हणजे हातपाय धड असलेली असंख्य यंत्रे एका तारखेने निकामी ठरविली. अशा यंत्रांवर लिनक्स ही मोफत प्रणाली चालते. केरळच्या सरकारी शाळांनी हा मार्ग फार पूर्वीच धरला. आपल्या शिक्षण खात्याला तो अद्याप आडवाटेचा वाटतो. युनिकोडमधील मराठी तेथे कोणत्याही अडचणीविना लिहिता येते. अडचण येते ती जुन्या टंकांना चिकटून बसलेल्या कचेऱ्यांची!

२०२५ च्या अखेरीपासून हा प्रश्न अधिक बिकट झाला. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या विशाल संगणक-केंद्रांनी मेमरी चिपांची मागणी एवढी वाढविली की त्यांचे भाव जगभर भडकले. अशा वेळी उत्पादक किंमत टिकविण्यासाठी रॅमलाच कात्री लावतील, हा धोका उघड आहे. आणि ती नंतर वाढविण्याची सोय नसेल, तर तोटा सर्वस्वी ग्राहकाचा.

फ्रान्सने १ जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपसह काही वस्तूंवर ‘दुरुस्तीयोग्यतेचे’ गुण छापणे सक्तीचे केले. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीनेही २०२५ मध्ये अशा निर्देशांकाची शिफारस केली, परंतु आरंभ मोबाइल आणि टॅबलेटपासून करावा असे सुचविले. लॅपटॉपला त्यात मागे ठेवण्याचे कारण पटत नाही, कारण मध्यमवर्गीय घरात याच वस्तूवर मोबाइलपेक्षा अधिक पैसे आणि अधिक वर्षे गुंततात. रॅम वाढविता येते किंवा नाही, नव्या बॅटरीची किंमत काय आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या कोणत्या वर्षापर्यंत मिळतील, एवढे तीन तपशील प्रत्येक खोक्यावर मराठीसह प्रादेशिक भाषांत छापण्याची सक्ती सरकारने करावी. राज्य सरकारने शाळांसाठी ठोक खरेदी करताना निविदेतच ही अट घातली, तर केंद्राच्या निर्णयाची वाट पाहण्याचेही कारण उरणार नाही.