कापसाचं शेत, दोन भिंगं आणि बोस्टनचा ‘ब्राह्मण’

न्यूयॉर्कच्या सार्वजनिक लायब्ररीत रॉबर्ट डेनिस यांच्या नावाने स्टिरिओस्कोपिक फोटोंचा संग्रह आहे. ७२,००० हून जास्त कार्डं, त्यातली बरीच ऑनलाइन फुकट बघता येतात. पीएचडीसाठी दुसरंच काही शोधताना मी जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहराच्या कार्डांवर अडकले. जाड पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले, एकसारखे दिसणारे दोन फोटो. कापसाचं शेत, त्यात उभी काळी माणसं, बाया, पोरं. पुठ्ठ्यावर फोटोग्राफरचं नाव छापलेलं, शहराचं छापलेलं. माणसांचं नाही.

माझी आजी यवतमाळकडे दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचायची. तिचा एकच फोटो घरात आहे, मतदार ओळखपत्रावरचा. त्यामुळे कार्डं बघून आधी बरं वाटलं, की आपल्यासारखी माणसं निदान जुन्या फोटोंत तरी आहेत. त्या बरं वाटण्यावर आता माझा विश्वास राहिलेला नाही.

या तंत्राची गंमत अशी : दोन डोळ्यांत जेवढं अंतर, साधारण तेवढ्याच अंतरावरून दोन फोटो घ्यायचे. भिंगातून बघताना प्रत्येक डोळ्याला एकच फोटो दिसतो, मेंदू दोन्ही जुळवतो आणि सपाट चित्राला खोली येते. चार्ल्स व्हीटस्टोनने हे १८३८ साली मांडलं. पण हे यंत्र अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचवलं डॉ. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनी. १८६१ च्या सुमारास त्यांनी हातात धरायचा स्वस्त, सुटसुटीत स्टिरिओस्कोप बनवला आणि त्याचं पेटंटही घेतलं नाही. फोटोग्राफीच्या इतिहासात या उदारपणाचं कौतुक होतं.

याच होम्सने १८६० मध्ये बोस्टनच्या, पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या घराण्यांना नाव दिलं, ‘न्यू इंग्लंडची ब्राह्मण जात’. कौतुकाने! विद्या रक्तातून उतरते ही समजूत सांगायला त्याला आपल्याकडचाच शब्द सापडला. त्याच्या दहा वर्षं आधी तो हार्वर्डच्या मेडिकल स्कूलचा डीन होता. १८५० मध्ये तीन काळे विद्यार्थी तिथे दाखल झाले, त्यातला एक मार्टिन डेलनी. होम्सने सुरुवातीला दार उघडलं, हे खरं. पण गोऱ्या विद्यार्थ्यांनी विरोधाचे अर्ज दिले आणि हिवाळी सत्रानंतर या तिघांनी परत यायचं नाही, असं ठरलं. घरातली पहिली डिग्री घेऊन बसलेल्या आपल्यापैकी कुणाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागेल, असं वाटत नाही.

आता सव्हानाकडे. १२ जानेवारी १८६५ ला याच शहरात वीस काळे धर्मोपदेशक जनरल शर्मनला भेटले. त्यांच्या वतीने बोलले गॅरिसन फ्रेझर. त्यांनी आठ वर्षांपूर्वी एक हजार डॉलर मोजून स्वतःला विकत घेतलं होतं. मागणी साधी होती : जमीन द्या, आम्ही कसून खाऊ. चार दिवसांनी हुकूम निघाला, कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत. जूनपर्यंत सुमारे चाळीस हजार माणसं त्या किनारपट्टीवर वसली. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनने जमिनी जुन्या मालकांना परत करायला सुरुवात केली.

सव्हानाच्या फोटोग्राफरांची कार्डं त्यानंतरची आहेत. म्हणजे चित्रातला कापूस ‘दक्षिणेचं रम्य जीवन’ नाही, जमीन काढून घेतल्यानंतरची मजुरी आहे. फोटोत खोली आली, पण हे तेवढं दिसत नाही. आणि स्थानिक इतिहासाच्या पुस्तकात असं कार्ड ‘जुनं सव्हाना’ म्हणून छापलं, की हिसकावणीचा पुरावाच शोभेची वस्तू होतो.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, गुलामांना मुक्त केल्याबद्दल. ती कृतज्ञता खोटी नव्हती. पण तोवर मुक्तीतून जमीन वजा झाली होती. आणि बिनजमिनीची मुक्ती म्हणजे काय, हे महारवतन ज्यांच्या घरात ऐकलंय त्यांना माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं : आपल्यातल्या संशोधकांनी जुन्या फोटोत आपली माणसं सापडली यावर थांबू नये. २०२४ मध्ये काही अमेरिकी पत्रकारांनी त्या काळचे सरकारी कागद चाळून, शर्मनच्या हुकुमाखाली जमीन मिळालेल्या १,२५० माणसांची नावं काढली. कार्डांवर जी नावं नाहीत, तसली नावं जमिनीच्या नोंदींत निघाली. सव्हानाजवळच्या स्किडअवे बेटावर अशी जमीन होती; आज तिथे फाटक लावलेली श्रीमंतांची वसाहत आहे.

आजी ज्या शेतात वेचणीला जायची, त्याच्या जुन्या फेरफार नोंदींसाठी मी अर्ज दिलाय. तलाठी म्हणाले, सोमवारी या.