देशाटनाचा जमाखर्च

मोरोपंतांची देशाटनावरची आर्या आपणां सर्वांच्या कानांवरून कधी ना कधी गेलेली आहे. चातुर्य हवे असेल तर देश पाहावेत, असे पंत सांगतात. पण त्याला पैसे किती लागतात आणि ते आणायचे कोठून, याविषयी त्या आर्येत एक मात्राही खर्ची पडलेली नाही. पंतांना दोष देत नाही. आर्येत जमाखर्च बसत नाही, तो वहीतच मांडावा लागतो.

अशी एक वही गेली दोन वर्षे मी ठेवली आहे. पदवीनंतर नोकरी धरावी, पाच वर्षे साठवावे आणि मग सहा महिने परदेशात हिंडून यावे, असा माझा बेत. आठ दिवसांत पाच देश दाखवणाऱ्या सहलीचे मला आकर्षण नाही. एकेका गावी महिना-महिना राहावे, तिथल्या बाजारात भाजी घ्यावी, असे वाटते. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ही वही बाबांच्या हाती लागली. बाबा दारूगोळा कारखान्यातले, हिशेबाला पक्के. त्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून बेरीज तपासली आणि म्हणाले, "बेरीज बरोबर आहे, पण रकाना चुकलाय. एवढ्यात तुझं लग्न होतं."

आजचा हा लेख त्या एका वाक्याने लिहायला लावला.

आमच्यासारख्या घरांना साठवणे जमत नाही, असे कोणी म्हणू नये. माझी आई गेली अकरा वर्षे भिशीत आहे. पंधरा बायका, दरमहा दोन हजार. चिठ्ठी निघेल तिला तीस हजार. त्यातून शिवणयंत्र आले, दादाची फी गेली, आणि दोन खेपांना माझ्यासाठी म्हणून सोने झाले. जुन्या पिढीतल्या कितीतरी बायकांनी काशीयात्रेसाठी आयुष्यभर पै-पै बाजूला टाकली आणि त्यांना कोणी उधळ्या म्हटले नाही. म्हणजे प्रवासासाठी साठवणे आपल्याला परके नाही. परके आहे ते एवढेच, की एका तरुण मुलीने काही नवस-सायास नसताना, केवळ पाहण्यासाठी, साठवावे.

याही बाबतीत पुण्याला जुने दाखले आहेत. १८८३ च्या एप्रिल महिन्यात दोन मराठी स्त्रिया बोटीत बसल्या. अठरा वर्षे नुकती पुरी झालेल्या आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. भाड्यासाठी त्यांनी अंगावरचे सोने विकले. पंडिता रमाबाई मुंबईहून इंग्लंडला निघाल्या, बरोबर दोन वर्षांची मनोरमा. रमाबाईंनी आदल्या वर्षी पुण्यात राहून 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले होते. त्याच्या विक्रीतून प्रवासखर्चाला हातभार लागला. आपण या दोघींची चरित्रे वाचतो ती त्यांच्या विद्येसाठी, धैर्यासाठी. मी मात्र अलीकडे त्यातले पैशाचे उल्लेख शोधत असते. एकीने सोने मोडले, दुसरीने लिहून मिळवले. सोने मोडणाऱ्या मुलीचे काय करायचे, हा प्रश्न आमच्या घरी दीडशे वर्षांनीही तितकाच अवघड आहे!

मध्यंतरी भिंत सरकारची होती. सत्तरच्या दशकाच्या आरंभी परदेशी जाणाऱ्याच्या हाती मोजून आठ डॉलर पडत, हे त्या पिढीतले प्राध्यापक अजून सांगतात. १९७३ चा परकीय चलनाचा कायदा कडक होता. तो गेला, २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मुभा दिली आणि पुढे ती मर्यादा अडीच लाख डॉलरवर गेली. अडीच लाख डॉलर! आमच्या चाळीला या सवलतीचा उपयोग करण्याचा योग कधी यायचा, ते देव जाणे. पण आता अडवते ते सरकार नव्हे, हे खरे.

आता माझी वही. राहणे, जेवणे, गावातला प्रवास मिळून दिवसाला १५०० रुपये, म्हणजे १८० दिवसांचे २ लाख ७० हजार. विमान व लांबचे प्रवास ७० हजार, व्हिसा व विमा २५ हजार, आणि परतीची राखीव, जिला हात लावायचा नाही, ३५ हजार. एकूण ४ लाख. शिकवण्यांतून आज अडीच हजार शिल्लक पडतात. नोकरीत सात हजार पडतील असे धरले, तर सत्तावन्न महिने. म्हणजे पाच वर्षांच्या आतच!

इथे बाबांनीच चूक काढली. "पाच वर्षांनी रुपया एवढाच राहील का?" २०१४ च्या सुमारास डॉलरला साठ-एकसष्ट रुपये पडत, २०२४ अखेर पंचाऐंशी. वर्षाला साडेतीन टक्के घसरण धरली, तर ४ लाखांचे काम पाच वर्षांनी पावणेपाच लाखांना होते. साठवायचे रुपयात आणि खर्चायचे डॉलरात, यातली गोम माझ्या लक्षातच आली नव्हती. मग सहाचे चार महिने केले आणि विमानाच्या दोन उड्या गाळल्या. तेव्हा कळले की पैसा खातो तो मुक्काम नव्हे, हालचाल. एका गावी महिनाभराची खोली घेतली की दिवस स्वस्त होतो. रोज गाव बदलणारा भिकेला लागतो.

दुसरा धडा मावसभावाकडून. त्याला युरोपात जायचे होते. तिथल्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९०च दिवस राहता येते, आणि बँकेचा गेल्या काही महिन्यांचा उतारा द्यावा लागतो. दादाचे पैसे भिशीत. अर्जाच्या आठवडाभर आधी त्याने तीन लाख रोख खात्यात भरले. अर्ज नामंजूर, शुल्कही गेले. उताऱ्यावर दिसला तो कालचा तीन लाखांचा ढीग. त्यामागची तीन वर्षे कोणाला दिसणार? भिशीवर माझा लोभ आहे, पण तिची साक्ष परदेशी वकिलात घेत नाही. साठवण दर महिन्याला, खात्यात, दिसेल अशी असावी.

आपल्या खडकीतल्या युद्धसमाधिस्थळी कधी संध्याकाळी जाऊन पाहा. शिळांवर वये कोरलेली आहेत. वीस, बावीस, चोवीस. सरकारी खर्चाने लांब आलेली आणि इथेच राहिलेली मुले. मागच्या हिवाळ्यात तिथे एक सत्तरीच्या इंग्रज बाई भेटल्या. मामाची समाधी शोधत होत्या. आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेले. निवृत्तिवेतनातून चार वर्षे थोडे-थोडे वेगळे ठेवून आल्या होत्या. तोपर्यंत माझी समजूत होती की गोऱ्या माणसाला प्रवास फुकट पडतो.

माझ्या म्हणण्याला एक भोक आहे, ते मी झाकत नाही. मी महिन्याला अडीच हजार वाचवते, कारण भाडे बाबा भरतात आणि पोळ्या आई लाटते. वसतिगृहात राहून गावी पैसे धाडणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीला हीच वही दाखवण्याचा मला धीर होत नाही. काटकसर केली की कोणालाही जग पाहता येते, असे सांगणाऱ्यांनी आधी त्यांच्या पोळ्या कोण लाटते ते सांगावे. म्हणून मी आता वहीत आणखी एक ओळ घातली आहे: घरात दरमहा एक हजार. त्याने बेत वर्षाने लांबला.

लग्नाचा रकाना मात्र मी उघडलेला नाही, आणि त्यावर घरात बोलणेही संपलेले नाही. आत्याने तर "आधी संसार, मग हवी तेवढी फीर" असे सांगून हात टेकले. आईने नव्या वर्षाच्या भिशीत माझ्या नावाची चिठ्ठी घालू का, असे विचारले. मी बँकेत आवर्ती ठेव उघडल्याचे सांगितले, तेव्हा ती जराशी खट्टू झाली. बाबा काही बोलले नाहीत. परवा जेवताना त्यांनी एकदम विचारले, "नेपाळात आपला रुपया कितीला जातो गं?"

"एकाला एक साठ," मी म्हटले. "आणि व्हिसाही लागत नाही."

"हं," म्हणाले, आणि आमटी मागितली.