साय म्हणून तेल!

घरातील एका वाढदिवसासाठी केक निवडावयाचा म्हणून पुण्यातील चार पॅटिसरींतून पेस्ट्रीचे तुकडे आणवून आम्ही चाखले. चारही ठिकाणी पाटी एकच, ‘फ्रेश क्रीम’. साय मात्र एकाच तुकड्यात सापडली! दुधाची साय जिभेवर विरते. हे पांढरेशुभ्र प्रकरण टाळूला मेणासारखे चिकटून बसते आणि वैशाखातही त्याच्या नक्षीची पाकळी ढळत नाही. एका विक्रेत्याला छेडले, तेव्हा त्याने खोके दाखविले. त्यावर छापले होते: पाणी, साखर, हायड्रोजनेटेड वनस्पती तेल.

अशा तेलांतील ट्रान्सफॅट हृदयाला घातक, म्हणून शासनाने १ जानेवारी २०२२ पासून त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली. ते योग्यच झाले. पण तेलाला साय म्हणण्याचे काय?

केक परका म्हणून आमचा रोष आहे, असा सोयीस्कर समज कुणी करून घेऊ नये. कॅम्पातील श्रुजबेरी बिस्किटे आमच्याही डब्यात असतात. त्यांत लोणी असते. खरी साय महाग पडते, टिकत नाही, हे दुकानदारांचे म्हणणेही मान्य. मग पाटीवर ‘फेटलेले वनस्पती तेल’ असे लिहा आणि तेलाच्याच भावाने विका! जुलै २०१८ मध्ये याच महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनी भाव मिळेना म्हणून दूध रस्त्यावर ओतले होते, आणि शहरे सायीच्या दराने तेल खात आहेत.

वाचकांनी पुढच्या खेपेस ते खोके अवश्य मागावे. दुसऱ्या दुकानात आम्ही ते मागितले, तेव्हा मालक आत निघून गेले.