सुलह झाली, पण तिला विचारलं कुणी?

आमच्या कोकणात कुणी जरा वेडंवाकडं बोललं की लोक हसत म्हणतात, "याला रत्नागिरीला न्यायला हवा." पुण्याकडे हाच विनोद येरवड्याच्या नावाने होतो, मुंबईकडे ठाण्याच्या. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ सालचं आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी ते एक. तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं बरी होऊन घरी गेली, पण आमच्या बोलण्यात उरली ती फक्त थट्टा. या थट्टेने एक मोठं नुकसान केलं. मनाचा इलाज म्हणजे थेट मनोरुग्णालय, अशी समजूत पक्की झाली. शहाणं आणि वेडं यांच्यामध्ये दुखावलेलं, थकलेलं, गप्प झालेलं असं माणूस असतं, आणि त्यालाही बोलायला एक जागा लागते, हे आम्ही लक्षातच घेतलं नाही.

आता माझीच एक चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातल्या एका जोडप्याचं प्रकरण जमातीपुढे आलं. मुलगा कुवेतला. वर्षातून एकदा दीड महिन्याच्या सुट्टीवर यायचा. मुलगी सासरी, सासू-सासरे आणि दोन नणंदांसोबत. ती वारंवार माहेरी जाते, घरात कुणाशी बोलत नाही, स्वयंपाकात लक्ष नाही, अशी सासरची तक्रार. आम्ही सात पुरुष पडवीत बसलो. मुलगी आत, पडद्यामागे. दीड तास बोलणं झालं. बोललो आम्हीच. शेवटी तिला विचारलं, "बेटा, नांदायला तयार आहेस ना?" आतून काहीच आवाज आला नाही. आम्ही त्याला होकार समजलो. "सब्र कर, अल्लाह सब्र करणाऱ्यांच्या सोबत आहे," असं मीच तिला सांगितलं. दुआ झाली, चहा झाला. सुलह झाली म्हणून सगळे समाधानाने घरी गेलो.

पुढे दोन वर्षांत ती निम्मी झाली. थायरॉईडची तपासणी झाली, रक्ताच्या तपासण्या झाल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं बाहेरचं आहे. तावीज झाले, दम केलेलं पाणी झालं. अखेर तिच्या भावाने कुणाला न सांगता तिला एका मानसोपचारतज्ज्ञाकडे नेलं. त्यांनी औषध दिलंच, पण एका समुपदेशक बाईंकडेही पाठवलं. तिथे तिसऱ्या की चौथ्या भेटीत ती बोलली. आमच्या त्या बैठकीच्या पाच महिने आधी, सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. नवऱ्याला रजा मिळाली नाही. घरातल्यांनी "अल्लाहची मर्जी" म्हणून विषय मिटवला आणि चाळिसाव्या दिवसापासून ती पुन्हा चुलीपुढे उभी राहिली. तिच्या गप्प बसण्याचं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते कारण आहे, असं कुणाला वाटलंच नाही.

नंतर एकदा ती मला म्हणाली, "चाचा, तुम्ही सगळ्यांनी मला सांभाळून घ्यायला सांगितलंत. मी काय सांभाळते आहे, ते कुणी विचारलं नाही."

त्या दिवसापासून मला सुलह आणि समुपदेशन यांतला फरक कळतो. सुलह करणाऱ्याला प्रकरण मिटवायचं असतं. समुपदेशकाला ते आधी समजून घ्यायचं असतं. तो निकाल देत नाही, कुणाची बाजू घेत नाही आणि सल्लाही सहसा देत नाही. तो प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट पाहतो. नवरा-बायकोला आधी वेगवेगळं ऐकतो, मग एकत्र बसवतो. लागलं तर सासूलाही बोलावतो, कारण तिचंही काहीतरी दुखत असतं. यात दीड तास नाही, कित्येकदा महिने जातात. आमच्या बैठकांना एवढा धीर नसतो.

आता कुणी म्हणेल, हे शहरी फॅड आहे, आपल्या दीनमध्ये याला जागा नाही. अशांना माझी विनंती आहे, सूरह निसाची पस्तिसावी आयत पुन्हा वाचा. पती-पत्नीत फूट पडेल अशी भीती वाटली तर त्याच्या घरातला एक आणि तिच्या घरातली एक व्यक्ती मध्यस्थ नेमा, असा तिचा आशय आहे. म्हणजे दोन्हीकडून एकेक. आमच्या पडवीतल्या सातांपैकी मुलीच्या बाजूचा एकच होता आणि तोही बोलला नाही. आयतीत इस्लाहच्या, म्हणजे घडी नीट बसवण्याच्या नियतीची अट आहे. आमची नियत गावात चर्चा थांबावी एवढीच होती.

ही आयत कागदावर राहिलेली नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ साली दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात स्पष्ट सांगितलं की नुसतं तलाक म्हटल्याने तलाक सिद्ध होत नाही. त्याला कारण हवं आणि त्याआधी दोन्ही बाजूंच्या मध्यस्थांनी समेटाचा प्रयत्न केलेला हवा. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने शमीम आरा खटल्यात हेच तत्त्व मान्य केलं. न्यायालयाला कुराणातली ही तरतूद दिसली. आपल्याला ती एरवी तलाकच्या वादात, दुसऱ्याला उत्तर देण्यापुरती आठवते.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि जास्त दुखावणाराही. "ईमान पक्कं असेल तर नैराश्य कसं येईल? नमाज पढ, सगळं ठीक होईल." नमाजने मनाला आधार मिळतो, हे मी स्वतः अनुभवतो. पण दुःखाला ईमानाची कमतरता म्हणणं हा जुलूम आहे. हजरत याकूब पैगंबर होते. मुलाच्या विरहात रडून त्यांचे डोळे पांढरे झाले, हे कुराणच सांगतं. हजरत खदीजा आणि अबू तालिब एकाच वर्षी गेले, त्या वर्षाला आपल्या इतिहासात नावच 'दुःखाचं वर्ष' असं पडलं. यांच्या ईमानावर बोट ठेवायची कुणाची हिंमत आहे? मग त्या मुलीच्या ईमानावर आम्ही का ठेवलं?

आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. दहाव्या शतकात बल्खच्या अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर ग्रंथ लिहिला. भीती, राग, शोक आणि पिच्छा न सोडणारे विचार यांची त्यांनी वेगवेगळी चर्चा केली. शरीर निरोगी असताना आपण आजारपणासाठी औषध जवळ ठेवतो, तसेच मनासाठी चांगले विचार आधीच साठवून ठेवावेत, असं ते सांगतात. दमास्कस आणि कैरोच्या बिमारिस्तानांत मनाच्या रुग्णांनाही दाखल करून घेत. हा वारसा अभिमानाने सांगायचा आणि घरातल्या मुलीला मात्र डॉक्टरऐवजी आधी तावीज बांधायचा, हे कसं चालेल?

तावीज-दर्ग्याला जाणाऱ्यांची मी थट्टा करत नाही. माणूस जिथे आशा दिसते तिथे जातो. पण ऑगस्ट २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खाजगी आश्रयस्थानात आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण पळताही न आल्याने जळून मेले. उलट गुजरातेत उनावाच्या मीरा दातार दर्ग्यात दुआ आणि दवा एकत्र देण्याचा उपक्रम चालला. मुजावर दुआ करतात आणि रुग्णाला डॉक्टरकडेही पाठवतात. श्रद्धा तीच, पण परिणामात जमीन-अस्मानाचा फरक.

लोक काय म्हणतील, ही भीती मात्र खरी आहे. रत्नागिरीसारख्या गावात कुणाची गाडी कुठल्या दवाखान्याबाहेर उभी आहे, हे मगरिबपर्यंत सगळ्या मोहल्ल्याला कळतं. यावर दोन गोष्टी सांगतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. पडवीतल्या बैठकीला असा कुठलाच कायदा नाही. आणि ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतही बोलता येतं. त्यासाठी गाडी कुठेच उभी करावी लागत नाही.

समुपदेशन म्हणजे सगळ्या दुखण्यांवरचं औषध, असंही नाही. जिथे मारहाण आहे तिथे आधी संरक्षण, मग बोलणं. मार खाणाऱ्या बाईला समोर बसवून समेट घडवणं हे समुपदेशन नव्हेच. शिवाय काही समुपदेशकांना मुस्लिम घर दिसलं की आधी तलाक आणि चार लग्नंच आठवतात. अशा वेळी माणूस पुन्हा मिटून जातो. म्हणूनच आपल्या मुलींनी, मुलांनीही, मानसशास्त्र शिकावं असं मला वाटतं. डॉक्टर-इंजिनिअरसाठी आपण शिष्यवृत्ती देतो. एखादी यासाठीही देऊ या.

जमातींकडे माझं मागणं मोठं नाही. बैठकीत दोन्ही बाजूंचे मध्यस्थ हवेत आणि निदान एक समजूतदार बाई हवी. मुलीला वेगळं, निवांत ऐकलं जावं. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर प्रशिक्षित माणसाकडे पाठवावं, आणि त्यात जमातीने कमीपणा मानू नये. मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळा असतात, तिथेच खाली १४४१६ लिहावा. आणि आखातात जाणाऱ्या मुलाचा निकाह ठरवताना महर आणि दागिन्यांच्या यादीसोबत एवढंही बोलावं की तो तिकडे असताना इकडे हिचं कोण ऐकेल?

ती मुलगी आज शहरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. नवरा अजून कुवेतलाच आहे, पण त्यानेही मोबाईलवरून समुपदेशक बाईंशी बोलणं केलं. पहिल्यांदा तो बाळासाठी रडला तो त्यांच्यासमोर. सगळं सुरळीत झालंय असं मी म्हणणार नाही. कधी कधी ती अजूनही दिवसभर गप्प असते. फरक एवढाच, की आता त्या गप्प बसण्याला कुणी होकार समजत नाही.