भाकरी आणि पेट्रोल

पंपावर गाडीत पेट्रोल भरताना तुम्ही नेहमी पाहता. पण ते सगळे पेट्रोल नसते. त्यातील शंभर भागांपैकी सुमारे २० भाग इथेनॉल असते. उसाची मळी किंवा रस आंबवून आणि मग उकळून त्याची वाफ थंड केली, की हे इंधन मिळते. मका आणि तांदूळ यांपासूनही ते तयार करतात.

२००१ साली मिरज आणि मनमाड येथे याचा प्रयोग झाला. त्या वेळी पेट्रोलमध्ये फक्त ५ टक्के इथेनॉल मिसळले होते. २०२५ साली देशाने २० टक्क्यांचा टप्पा गाठला. आपल्याला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८० टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. म्हणून इथेनॉलमुळे परकीय चलन वाचते आणि शेतकऱ्याच्या उसालाही गिऱ्हाईक मिळते. हा लाभ खरा आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू पाहू या.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा हे ज्वारीचे कोठार म्हणून प्रसिद्ध आहे. तेथील काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवरच रब्बीची मालदांडी ज्वारी पिकते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ऊस मात्र वर्षभर पाणी पितो. साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळवायचे, तर सुमारे २८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात म्हटले आहे. ज्या तालुक्यातील कित्येक गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आली, तेथे हा हिशेब विसरून कसे चालेल? २०२३ साली पाऊस कमी पडला. साखर कमी पडेल या भीतीने सरकारला डिसेंबरमध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घालावे लागले. पुढच्या वर्षी ते उठवले गेले. पण पावसावर अवलंबून असलेले इंधन किती भरवशाचे, हे त्यावरून कळले.

मग इथेनॉल नकोच का? तसे मला वाटत नाही. साखर तयार झाल्यावर उरणारी मळी अवश्य वापरावी. कमी पाण्यावर येणारी पिके शोधावीत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गोड ज्वारीवर अनेक वर्षे काम केले आहे. या ज्वारीच्या कणसातून भाकरीसाठी दाणे मिळतात, ताटांच्या गोड रसापासून इथेनॉल होते आणि चिपाडे गुरांना खाऊ घालता येतात. पीक साधारण चार महिन्यांत निघते. कापणीनंतर रस लवकर काढावा लागतो, ही त्यातली अडचण आहे. पण ती दूर करता येण्यासारखी आहे.

बहामनी राजवटीत मंगळवेढ्याचे दामाजीपंत सरकारी अधिकारी होते. मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी शिक्षेची पर्वा न करता बादशहाची धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी खुली केली, अशी कथा परंपरेने सांगितली जाते. आज तेथील सहकारी साखर कारखाना त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्या नावाची आठवण आपण ठेवली पाहिजे. आधी माणसाचे पोट, मग गाडीची टाकी!

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी शेतकरी होईल, कोणी अभियंता, तर कोणी अधिकारी. तेव्हा कोठार कोणासाठी उघडायचे, हे तुम्हालाच ठरवायचे आहे.