ठाण्याच्या उकाड्यात पीसीचा वेग वाढवावा का? ओव्हरक्लॉकिंगचं गणित समजून घ्या

एप्रिल २०२४ मध्ये हवामान विभागाने मुंबई, ठाणे आणि रायगडसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला, तोही एकाच महिन्यात दोनदा. त्यानंतर तीन महिन्यांनी, जुलैमध्ये, इंटेल कंपनीने मान्य केलं की आपल्या १३व्या आणि १४व्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज घेत असल्याने अस्थिर होत आहेत.

वरवर पाहता या दोन बातम्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण नौपाड्यातल्या एखाद्या जुन्या इमारतीत, एसी नसलेल्या खोलीत गेमिंग किंवा व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यासाठी दोन्ही बातम्या पीसीच्या कॅबिनेटमध्ये एकत्र येतात. हप्त्यावर घेतलेल्या पीसीवरच ज्यांचं काम चालतं, त्यांच्यासाठी तर हा थेट पैशांचा प्रश्न आहे. अशा वेळी प्रोसेसरचा वेग आणखी वाढवण्यात, म्हणजेच ओव्हरक्लॉकिंगमध्ये, कितपत अर्थ आहे?

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय?

प्रोसेसर एका ठरावीक तालावर काम करतो. हा ताल गीगाहर्ट्झमध्ये मोजतात. ५ गीगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५०० कोटी ठोके. कंपनीने ठरवून दिलेल्या मर्यादेपेक्षा हा ताल वाढवणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. बायोसमध्ये जाऊन काही आकडे बदलले की ते करता येतं. ताल वाढला की प्रोसेसर डळमळू नये म्हणून बहुतेक वेळा व्होल्टेजही वाढवावं लागतं.

एकेकाळी यात घसघशीत फायदा होता. १९९८ साली आलेला इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा स्वस्त प्रोसेसर ३०० मेगाहर्ट्झचा होता. मदरबोर्डवरचा बस वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की तो अनेकांकडे ४५० मेगाहर्ट्झवर चालायचा. म्हणजे एक पैसाही जास्त न देता ५० टक्के वेग.

मग आता तसा फायदा का मिळत नाही?

कारण ते काम आता कंपन्या स्वतःच करतात. इंटेलच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरचा मूळ वेग ३.२ गीगाहर्ट्झ आहे, पण गरज पडली की तो आपोआप ६ गीगाहर्ट्झपर्यंत जातो. त्याची मूळ वीजमर्यादा १२५ वॉट, तर पूर्ण ताकदीने चालताना २५३ वॉट. सेलेरॉनच्या काळात कंपनीने मागे ठेवलेली शिल्लक आता कारखान्यातच वापरून टाकलेली असते. घरी हाती लागतो तो उरलासुरला वेग, आणि तोच सर्वांत महाग पडतो.

महाग कसा?

यामागे एक साधं सूत्र आहे. प्रोसेसर चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. समजा, वेग १० टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही १० टक्के वाढवावं लागलं. मग विजेचा खर्च १.१ × १.१ × १.१, म्हणजे जवळपास ३३ टक्क्यांनी वाढतो. मिळकत १० टक्के आणि खर्च ३३ टक्के!

ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. पीसी १०० वॉट जास्त खात असेल आणि रोज चार तास चालत असेल, तर महिन्याला १२ युनिट वाढतात. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांप्रमाणे चढत जातात, त्यामुळे वरच्या टप्प्यात गेल्यावर हेच युनिट जास्त दराने मोजावे लागतात. शिवाय ती १०० वॉटची उष्णता खोलीतच राहते. एसी असेल तर ती बाहेर काढण्याचं काम त्याच्यावर पडतं, म्हणजे पुन्हा वीज.

यात ठाण्याच्या हवामानाचा संबंध काय?

कूलर प्रोसेसरला 'थंड' करत नाही, तो फक्त त्याची उष्णता खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे साधा पंखा असो की वॉटर कूलिंग, प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा गार होऊच शकत नाही. माठातलं पाणी बाष्पीभवनामुळे भोवतालच्या हवेपेक्षा गार होतं. वॉटर कूलरचं पाणी मात्र बंद नळ्यांमध्येच फिरतं, त्यामुळे तिथे माठाचा नियम लागू होत नाही.

एखादा कूलर पूर्ण भारावर प्रोसेसरला खोलीपेक्षा ६० अंश वर रोखून धरतो असं समजू. २२ अंशांच्या एसी खोलीत प्रोसेसर ८२ अंशांवर राहील. तोच पीसी एप्रिलच्या दुपारी किंवा ऑक्टोबर हीटमध्ये ३६ अंशांच्या खोलीत ९६ अंशांवर जाईल. इंटेलच्या १४९००केची कमाल मर्यादा १०० अंश आहे, एएमडीच्या रायझन ७९५०एक्सची ९५ अंश. ही मर्यादा गाठली की प्रोसेसर जीव वाचवण्यासाठी स्वतःहून वेग कमी करतो. यालाच थ्रॉटलिंग म्हणतात. म्हणजे ओव्हरक्लॉक केलेला पीसी नेमका भर उन्हाळ्यात आधीपेक्षाही हळू चालू शकतो.

यूट्यूबवर दिसणारे विक्रम वेगळ्याच जगातले असतात. ९ गीगाहर्ट्झच्या पुढे गेलेल्या प्रोसेसरवर द्रवरूप हेलियम ओतलेलं होतं आणि तो वेग काही क्षणांपुरता होता. घरी बर्फाचं पाणी फिरवण्याचे प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ठाण्यासारख्या दमट हवेत कोणताही भाग हवेच्या दवबिंदूखाली गेला की त्यावर पाणी साचतं, फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर साचतं तसंच. मदरबोर्डवर हे पाणी म्हणजे थेट शॉर्टसर्किट.

इंटेलच्या प्रकरणातून काय दिसलं?

या प्रकरणात ज्यांनी स्वतः काहीच छेडछाड केली नव्हती, त्यांचे पीसीही गेम खेळताना बंद पडू लागले. काहींना ग्राफिक्स कार्डची मेमरी संपल्याचा संदेश दिसायचा, पण मूळ दोष प्रोसेसरमध्ये होता. मायक्रोकोडमधल्या चुकीमुळे तो जास्त व्होल्टेज मागत होता. शिवाय अनेक मदरबोर्ड इंटेलने सुचवलेल्या वीजमर्यादा ओलांडूनच चालत होते. जास्त व्होल्टेज आणि तापमानामुळे आतली सर्किटं हळूहळू झिजत गेली.

ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दुरुस्तीचे अपडेट आले. पण ते पुढची झीज रोखतात, आधीच खराब झालेला प्रोसेसर दुरुस्त करत नाहीत. म्हणून इंटेलने या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जुलै २०२५ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलातल्या एका अभियंत्याने याच प्रोसेसरवरच्या क्रॅशचे अहवाल वाढल्याचं सांगितलं होतं.

एएमडीही यातून सुटली नव्हती. २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याच्या तक्रारी आल्यावर कंपनीने संबंधित व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा घातली.

वॉरंटीचं काय?

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. मेमरीचा वेग वाढवणारे एक्सएमपी आणि एक्सपो हे एका क्लिकचे पर्यायही कंपन्या ओव्हरक्लॉकिंगमध्येच धरतात, हे अनेकांना माहीत नसतं. लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेताना आणखी एक फरक पाहावा. खोक्यासह आलेल्या प्रोसेसरसाठी थेट इंटेलकडे दाद मागता येते. खोक्याशिवाय विकल्या जाणाऱ्या 'ट्रे' प्रोसेसरसाठी मात्र विक्रेत्याकडेच जावं लागतं. त्यामुळे पक्कं बिल जपून ठेवणं महत्त्वाचं.

मग करायचं काय?

वर पाहिलेलं सूत्र उलट्या दिशेनेही चालतं. वेग तोच ठेवून व्होल्टेज १० टक्के कमी करता आलं, तर विजेचा खर्च १९ टक्क्यांनी उतरतो. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. प्रत्येक प्रोसेसरला ते सारखं झेपत नाही, म्हणून थोडं थोडं कमी करत दर टप्प्याला चाचणी घ्यावी लागते. ही खटपट नको असेल, तर एएमडीच्या प्रोसेसरसाठी 'इको मोड' आहे आणि इंटेलच्या प्रोसेसरला बायोसमधून वीजमर्यादा घालता येते. शेवटच्या काही मेगाहर्ट्झसाठीच सर्वांत जास्त वीज लागत असल्याने वॉट बरेच कमी केले तरी वेग त्या मानाने थोडाच घटतो.

बाकीचे उपाय साधे आहेत. १३व्या किंवा १४व्या पिढीचा इंटेल असेल, तर आधी बायोस अपडेट करून 'इंटेल डीफॉल्ट सेटिंग्ज' निवडणं. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढणं. आजूबाजूला पुनर्विकासाची कामं चालू असतील, तर जाळ्या आणि पंख्यांवरची धूळ वरचेवर साफ करणं. काही वर्षांनी थर्मल पेस्ट बदलणं. तापमान दाखवणारं एखादं मोफत सॉफ्टवेअर लावून भर दुपारचा आकडा पाहणं, कारण रात्रीच्या गारव्यात घेतलेल्या चाचणीवरून दुपारचा अंदाज येत नाही.

मोठ्या यंत्रणाही हेच पथ्य पाळतात. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या 'परम ब्रह्म' महासंगणकाची सुरुवातीची क्षमता ७९७ टेराफ्लॉप होती आणि त्याच्या प्रोसेसरची उष्णता थेट द्रवाने वाहून नेली जाते. तिथे कूलिंगवर केलेला खर्च विक्रमासाठी नसतो. दिवसरात्र चालणारी गणितं मध्येच बंद पडू नयेत, यासाठी असतो. घरच्या पीसीवर क्लायंटचा व्हिडिओ रेंडर होत असेल, तर तिथेही गरज हीच असते.